नसला तरच जाणवणारा वादक : कव्हर बँडमधील बेस गिटारचे चढउतार

लग्नाचा स्वागत समारंभ असो, हॉटेलातील शनिवारची रात्र असो किंवा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो. लोकप्रिय गाणी सादर करणाऱ्या बँडकडे पाहताना श्रोत्यांची नजर प्रथम गायकाकडे, नंतर मुख्य गिटारवादकाकडे आणि ड्रमवादकाकडे जाते. लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार घेऊन ड्रमशेजारी उभा असलेला वादक सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. मात्र त्याच्या वाद्याची वायर मध्येच निसटली, तर नाचणाऱ्यांची पावले अडखळतात. काय बिघडले हे त्यांना सांगता येत नाही. गाणे एकाएकी पोकळ झाले, एवढेच जाणवते.

इतरांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या बँडला ‘कव्हर बँड’ म्हणतात. मुंबई, पुणे, गोवा, बेंगळुरू, कोलकाता, शिलाँग अशा अनेक ठिकाणी असे बँड नियमित कार्यक्रम करतात. त्यांतील बेसवादकाची अनामिकता दुहेरी असते. गाणे दुसऱ्याचे असते आणि त्यातही त्याच्या वाट्याला आलेला भाग बहुतेकांच्या कानाला वेगळा ओळखू न येणारा असतो. तरीही या वादकाला मागणी असते आणि त्याच्या कामाला स्वतःचे शास्त्र, अर्थकारण व धोके आहेत.

खर्जाची जबाबदारी

बेस गिटार म्हणजे मोठी गिटार नव्हे. तिचे काम वेगळे आहे. शास्त्रीय मैफलीत तंबोऱ्याची खर्जाची तार आणि तबल्याचा डग्गा जे दोन आधार देतात, ते दोन्ही आधार आधुनिक बँडमध्ये एकाच वादकाला द्यावे लागतात. तो सुराचा पायाही धरतो आणि ड्रमच्या ठोक्याशी जुळवून घेत तालाचा कणाही उभा करतो.

या पायाचे सामर्थ्य एका साध्या उदाहरणावरून लक्षात येते. गिटारवादकाने सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र छेडले की प्रसन्न, स्थिर भाव निर्माण होतो. त्याच क्षणी बेसवादकाने खाली खर्जातला ध लावला, तर गिटारवादकाचे एकही बोट न हलता संपूर्ण स्वरसमूहाला उदास छटा येते. सर्वांत खालचा स्वर कोणता, यावर वरच्या स्वरांचा अर्थ ठरतो. म्हणूनच मुख्य गिटारवादकाची चूक पुष्कळदा खपून जाते. बेसवादकाचा एक चुकीचा स्वर मात्र सगळा बँड चुकल्यासारखा भासवतो.

नेहमीच्या चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने निर्माण करते. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणण्यापूर्वी हे काम प्रामुख्याने माणसाच्या उंचीएवढ्या डबल बेसकडे होते. नव्या वाद्याच्या दांड्यावर पडदे असल्याने स्वर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ हे नावही त्यावरूनच आले. ते खांद्याला अडकवून कोठेही नेता येत असे. फिरत्या बँडच्या दृष्टीने ही सोय फार मोठी ठरली. मात्र बोटांचे कष्ट संपले नाहीत. तारांची लांबी सुमारे ८६ सेंटीमीटर असल्याने पहिल्या पडद्यापर्यंतचे अंतर जवळजवळ पाच सेंटीमीटर भरते. सुमारे चार किलो वजनाचे हे वाद्य तीन तास खांद्यावर वागवल्यानंतर मान, खांदा आणि मनगट त्याची जाणीव करून देतात.

जुनी परंपरा, नवे नाव

‘कव्हर’ हा शब्द नवा असला, तरी भारतात ही प्रथा जुनी आहे. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांमध्ये रात्री पाश्चात्त्य नृत्यसंगीत वाजवणारे आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बसणारे गोमंतकीय वादक हा आपल्या संगीताच्या इतिहासातील महत्त्वाचा अध्याय आहे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ट्रिंकाज’सारख्या उपाहारगृहांनी अनेक कलावंतांना नियमित मंच दिला. महाराष्ट्राच्या गावोगावी गणेशोत्सवात आणि नाट्यगृहांत रंगलेला ‘ऑर्केस्ट्रा’ हाही मूळच्या गाण्याशी प्रामाणिक राहून ते जिवंत सादर करण्याचाच प्रकार होय. ‘सुपारी’ घेणे, बिदागी ठरवणे आणि ‘वन्समोअर’ मिळवणे ही त्या दुनियेतील भाषा आजच्या कव्हर बँडलाही परकी नाही.

जगातील सर्वांत प्रसिद्ध बँडपैकी एकाची घडणही याच वाटेने झाली. १९६० पासून जर्मनीतील हॅम्बुर्गच्या क्लबमध्ये ‘बीटल्स’ रोज रात्री कित्येक तास प्रामुख्याने इतरांची गाणी वाजवत. १९६१ मध्ये त्यांचे बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ चित्रकलेसाठी बँड सोडून गेले, तेव्हा उरलेल्या गिटारवादकांपैकी कोणीही ते वाद्य घेण्यास उत्सुक नव्हते. ते पॉल मॅकार्टनी यांच्याकडे आले. नाइलाजाने पत्करलेल्या या भूमिकेतूनच पुढे एक श्रेष्ठ बेसवादक घडला. आजही अनेक बँडमध्ये बेसवादक असाच ठरतो. दोन गिटारवादकांपैकी एकाला मागे सरावे लागते.

दुसऱ्याचे गाणे, आपली तालीम

कव्हर बँडच्या यादीत चाळीस-पन्नास गाणी असणे नवलाचे नाही. सत्तरच्या दशकातील चित्रपटगीत, इंग्रजी रॉक, पंजाबी नृत्यगीत आणि या वर्षीचे लोकप्रिय गाणे एकाच रात्री वाजवावे लागते. प्रत्येकाची बेसची चाल निराळी असते. काही ठिकाणी ती शांतपणे मूळ स्वर धरते, काही ठिकाणी तीच गाण्याची ओळख असते. ती चुकवली तर जाणकार श्रोता लगेच वळून पाहतो.

त्यात पट्टीचा प्रश्न येतो. मूळ गाणे ज्या पट्टीत आहे, त्या पट्टीत बँडच्या गायकाचा आवाज पोहोचेलच असे नाही. कार्यक्रमाच्या तोंडावर ‘आज अर्धा स्वर खाली घेऊ’ असा निरोप येतो. की-बोर्डवादकाला एका कळीने स्वर बदलता येतात. बेसवादकाला मात्र मोकळ्या तारांवर बसवलेली संपूर्ण चाल दुसऱ्या जागी हलवावी लागते आणि कधी हवा तो खर्ज वाद्यात उरतच नाही. म्हणून अनेक जण आणखी खालच्या स्वराची पाचवी तार असलेले वाद्य वापरतात.

या कष्टांतून मिळणारे शिक्षणही मोठे असते. कान तयार होतो आणि वेगवेगळ्या शैलींचे व्याकरण अंगी मुरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संयम. सर्व काही वाजवता येत असूनही गाण्याला हवे तेवढेच वाजवणे ही या वाद्याची खरी परीक्षा असते. ड्रमवादकाचा पायाखालचा ठोका आणि बेसचा स्वर अचूक एकत्र पडला की मंचावरील सर्वांनाच त्याचा आनंद होतो. अनेक वादक वर्षानुवर्षे या कामात टिकून राहतात ते या अनुभवासाठी.

सभागृह आणि शेजारी

बेसवादकाची सर्वांत मोठी अडचण मात्र त्याच्या हातात नसते. ती भौतिकशास्त्रात असते. सेकंदाला ४१ कंपने असलेल्या ध्वनिलहरीची हवेतील लांबी आठ मीटरहून थोडी अधिक असते. एवढ्या लांब लहरी लहान सभागृहाच्या भिंतींवर आदळून परततात आणि एकमेकींत मिसळतात. परिणामी एका टेबलापाशी खर्ज घुमतो, तर चार पावलांवर तो जवळजवळ नाहीसा होतो. मंचावर वादकाला जे ऐकू येते, तेच श्रोत्यांना ऐकू येत असेल याची खात्री नसते. म्हणून कार्यक्रमापूर्वीची ध्वनिचाचणी त्याच्यासाठी औपचारिकता नसते. प्रत्यक्षात मंडपाची सजावट लांबली की सर्वांत आधी कात्री लागते ती याच चाचणीला.

दुसरी अडचण मानवी कानाची आहे. कमी आवाजात आपला कान खालच्या स्वरांना कमी प्रतिसाद देतो. त्यामुळे व्यवस्थापकाने आवाज कमी करायला सांगितला की गायन, गिटार ऐकू येत राहते. खर्ज मात्र विरून जातो. याउलट भिंती उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात, पण खर्ज त्यांना पार करतो. सभागृहात नीट न पोहोचणारा तोच आवाज शेजारच्या इमारतीत धडधडतो आणि तक्रार येते ती त्याचीच.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त जागेखेरीज इतरत्र ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पाहुणे साडेनऊला जमतात आणि ध्वनिक्षेपक दहाला बंद होतो, अशा समारंभात बँडच्या वाट्याला अर्धाच तास येतो. बिदागी किती मिळणार, याचा वादही तेथूनच सुरू होतो.

बिदागीचे गणित

गिटार शिकणाऱ्यांच्या तुलनेत गंभीरपणे बेस वाजवणारे थोडे असतात. त्यामुळे चांगला बेसवादक एकाच वेळी दोन-तीन बँडमध्ये वाजवतो. कोणी आजारी पडले तर ‘बदली वादक’ म्हणून त्याला बोलावणे येते. गाण्यांची यादी दोन दिवस आधी मिळते आणि तालीम न होताच तो मंचावर उभा राहतो. काम मिळते, ओळखी वाढतात. पण कोणत्याच बँडचे छायाचित्र त्याच्याशिवाय अपुरे वाटत नाही.

दुसरी बाजू अशी, की आयोजकाचे अंदाजपत्रक आक्रसले की पाच जणांच्या बँडचे तीन जण होतात आणि अनेकदा पहिली कात्री बेसवर चालते. की-बोर्डवादकाचा डावा हात किंवा संगणकात आधीच साठवलेला ध्वनी ते काम भागवतो. भागवतो, पण पूर्ण करत नाही. गायकाने एक कडवे वाढवले किंवा गर्दीने वन्समोअर मागितला, तर साठवलेला ध्वनी त्याच्यासाठी थांबत नाही; वादक थांबतो.

हे उत्पन्न हंगामी असते. चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त विरळ होतात, पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावरील शॅक बंद असतात आणि डिसेंबरच्या अखेरीस एका रात्री दोन ठिकाणची बोलावणी येतात. मिळालेल्या रकमेतून वाहनखर्च, वाद्ययंत्रणेचे भाडे आणि मध्यस्थाचा वाटा वजा होतो. उरलेले समान वाटायचे की गायकाला अधिक द्यायचे, या प्रश्नावर अनेक बँड फुटतात. वाटणी पहिल्या कार्यक्रमाआधीच लेखी ठरवणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय होय.

परवानगी कोणाची?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार दुसऱ्याचे गाणे सार्वजनिकरीत्या सादर करण्यासाठी गीत आणि संगीताच्या हक्कधारकाची परवानगी लागते. व्यवहारात ती बहुधा कार्यक्रमस्थळ किंवा आयोजक संबंधित संस्थेकडून घेतात. बँड स्वतः वाजवत असेल आणि मूळ ध्वनिमुद्रण लावत नसेल, तर त्या ध्वनिमुद्रणाच्या स्वतंत्र परवान्याचा प्रश्न उद्‍भवत नाही. धार्मिक विधी, तसेच विवाहाची मिरवणूक व विवाहाशी संबंधित सामाजिक समारंभ यांना कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. उपाहारगृहातील व्यावसायिक कार्यक्रमाला ही सूट लागू होत नाही. त्यामुळे होकार देण्यापूर्वी परवाना कोण घेणार, हे विचारून घेणे बँडच्या हिताचे ठरते.

कानांची किंमत

बेसवादक ड्रमला चिकटून उभा राहतो, कारण त्याला ठोका ऐकायचा आणि पाहायचाही असतो. त्याची किंमत कान मोजतात. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो केवळ १५ मिनिटे उरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. कार्यक्रमानंतर कानांत राहणारा गुंजारव ही धोक्याची सूचना असते. संगीतकारांसाठी बनवलेले कानातले बोळे सर्व स्वर जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी करतात, त्यामुळे वादन बिघडत नाही. एकदा गेलेली श्रवणशक्ती मात्र परत येत नाही.

नाव नसलेले स्वर

कव्हर बँडमधील बेसवादक ज्यांचे स्वर रोज वाजवतो, ते मूळ वादकही बहुधा अनामच राहिले. अमेरिकेतील मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातील असंख्य लोकप्रिय गाण्यांचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांचे नाव त्या काळी ध्वनिमुद्रिकांवर छापले जात नसे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले ते २००० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर १७ वर्षांनी. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन घराघरांत पोहोचले, पण त्यांचे नाव फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक होते. ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवणारे कीथ पीटर्स आणि मुंबईच्या मोहिनी डे यांच्या पिढीत हे चित्र बदलू लागले आहे.

या वादकांचे काम आज सर्वांत बारकाईने कोणी ऐकत असेल, तर ते कव्हर बँडचे बेसवादक. शनिवारच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी घरी एकच ओळ पुन्हापुन्हा लावून, गायकाच्या आवाजामागे दडलेली ती चाल एकेका स्वराने शोधून काढत असतो. सभागृहातील कोणालाही ते कळणार नसते. पण शनिवारी पहिला ठोका पडतो आणि लोक नाचायला उठतात, तेव्हा त्यांच्या पायांखाली तीच चाल असते.