जुन्या मोटारीचे दुखणे तारांमध्ये

पुणे - रंग नवा, क्रोम लखलखीत, इंजिनही पहिल्याच सेल्फला सुरू. मात्र हेडलाइट मिणमिणतात आणि हॉर्न वाजवला की डॅशबोर्डवरील दिवे मंदावतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट असो, ॲम्बेसिडर असो वा मॉरिस, जुन्या मोटारींचे हे दुखणे नेहमीचे आहे. त्याचे मूळ वायरिंगमध्ये असते आणि रंगकामाच्या खर्चात तेच मागे राहते.

जुन्या तारांवर रबराचे आवरण व त्यावर सुती वेष्टण असे. पीव्हीसी नंतर आले. इंजिनाची उष्णता आणि तेल यांमुळे रबर कडक होऊन तडकते व तांबे उघडे पडते. अशी तार पत्र्याला टेकली की ठिणगी उडते. कार्ब्युरेटर व पेट्रोलची नळी जवळच असल्याने आगीचा धोका मोठा. टेप, जादा हॉर्न, फॉगलॅम्प यांसाठी वर्षानुवर्षे मारलेले जोड त्यात भर घालतात.

परतीची वाट

मोटारीत दिव्यापर्यंत सहसा एकच तार जाते. वीज परतते ती बॉडीच्या पत्र्यातून. यालाच 'अर्थ' म्हणतात. गंज, पावसाळी ओल किंवा नव्या रंगाचा थर ही वाट अडवतो. म्हणूनच रंगकामानंतर दिवे अधिकच मंद झाल्याचे दिसते.

साठ वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपिअर वीज घेतात. त्यांच्या सामाईक मार्गात अवघा 0.15 ओहम रोध असला, तरी दीड व्होल्ट वाया जातात आणि प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. अशा वेळी नवे बल्ब घेऊन उपयोग नाही. अर्थचे बोल्ट सोडवून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करणे, हा पहिला व जवळजवळ फुकटचा उपाय.

काम कसे करावे?

प्रथम बॅटरी सोडवावी. प्रत्येक जोडाचे छायाचित्र घेऊन तारेला चिठ्ठी बांधावी. सर्व तारा एकदम उपटू नयेत. एक मंडल पूर्ण करून तपासावे, मगच दुसरे घ्यावे. रंगांवर विसंबू नये. ल्युकास पद्धतीत तपकिरी तार बॅटरीची, तर काळी अर्थची. पण मधल्या दुरुस्त्यांत हाती लागेल ती तार वापरलेली असते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, हेही ध्यानात ठेवावे.

नवी तार भारानुसार योग्य जाडीची घ्यावी. हेडलाइटसाठी रिले बसवल्यास जुन्या स्विचवरील ताण कमी होतो. जळालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवणे. गाडी उभी असताना बॅटरी तोडणारा मुख्य स्विच अवश्य असावा.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या मोटारीची 'विंटेज' म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी चासी, बॉडी व इंजिन यांचे मूळ रूप बदललेले नसावे. वायरिंग नवे करताना या भागांना धक्का लागत नाही. सुती वेष्टणाच्या तारा वापरल्यास जुने रूपही टिकते. मोटार जपायची असेल, तर रंगाआधी तारांकडे पाहावे, हेच शहाणपणाचे.