परदेशी नोकरी : स्थानिक करार की भारतातून नियुक्ती?

दुबई किंवा अबुधाबी येथील आयुर्वेद केंद्रासाठी वैद्य हवेत, अशी जाहिरात वाचली की आपले तरुण वैद्यबंधू प्रथम विचारतात ते दिरहम किती मिळणार, हे. वास्तविक त्याआधीचा प्रश्न निराळा आहे. आपली नेमणूक तेथील केंद्र करणार, की भारतातील संस्था आपणांस तेथे पाठविणार? रुग्ण तेच, पंचकर्म तेच. परंतु या दोन मार्गांनी गेलेल्या दोन वैद्यांची पाच वर्षांनंतरची स्थिती अत्यंत भिन्न असू शकते.

भारतातील औषधी कंपनी किंवा रुग्णालय आपल्या परदेशी शाखेत वैद्यास पाठविते, तेव्हा त्याचे मूळ पद बहुधा राखले जाते. निवास, वार्षिक प्रवासभाडे, क्वचित मुलांचे शिक्षणशुल्कही संस्था सोसते आणि भविष्य निर्वाह निधीत खंड पडत नाही. अशा जागा मोजक्याच असतात. बहुसंख्य वैद्य स्थानिक करारावर जातात, म्हणून त्याचाच विचार येथे अधिक करू.

संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून नवा कामगार कायदा लागू आहे. परीक्षाधीन काळ सहा महिन्यांहून अधिक असता कामा नये, भरतीचा व व्हिसाचा खर्च मालकाने करावयाचा, वर्षाची सेवा झाल्यावर ३० दिवसांची भरपगारी रजा, ह्या तरतुदी समाधानकारक आहेत. निवृत्तिवेतन मात्र परदेशी नागरिकास नाही. त्याऐवजी सेवासमाप्तीचे उपदान मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे व त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचे वेतन, असा त्याचा हिशेब आहे. मेख आहे ती अशी की हा हिशेब केवळ मूळ वेतनावर होतो.

समजा, दोन वैद्यांना एकूण ६,००० दिरहमच मिळतात. एकाचे मूळ वेतन ५,००० आहे. दुसऱ्याचे २,५०० असून उर्वरित रक्कम घरभाडे व इतर भत्ते म्हणून दाखविली आहे. पाच वर्षांनी पहिल्यास सुमारे १७,५०० दिरहम मिळतील, दुसऱ्यास त्याच्या निम्मे. दरमहा हातात पडणारी रक्कम सारखी असल्याने हा भेद सही करताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. (औषधयोगातील घटकांचे प्रमाण काटेकोरपणे तपासणारे आपण वेतनाचे घटक मात्र क्वचितच तपासतो!)

कुटुंबाचा प्रश्न याहून बिकट. दुबईत कर्मचाऱ्याचा आरोग्यविमा मालकाने काढणे बंधनकारक आहे. पत्नी व मुलांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना आणणाऱ्यावर, म्हणजे वैद्यावरच येते. शाळेचे शुल्कही त्यानेच भरावयाचे. संस्थेने पाठविलेल्या वैद्यास न जाणवणारा हा भार स्थानिक करारातील वैद्याची बचत पाहता पाहता गिळून टाकतो. प्राप्तिकर नाही, या एका वाक्यावर भुलून जाऊ नये, ते याकरिता.

परवान्याचेही पाहावे. पदवी व अनुभवाच्या प्रमाणपत्रांची मूळ संस्थांकडून पडताळणी होते, परीक्षा होते, पात्रता मिळते; परंतु प्रत्यक्ष परवाना कार्यान्वित होतो तो परवानाधारक केंद्रामार्फतच. केंद्र सुटले की दुसरे केंद्र मिळेपर्यंत चिकित्सा बंद. शिवाय त्याच व्यवसायात प्रतिस्पर्धी काम न करण्याची अट करारात घालता येते आणि ती कमाल दोन वर्षे बंधनकारक ठरू शकते. इकडे दहा वर्षे जोपासलेला दवाखाना बंद करून गेलेल्या वैद्याने हे कलम दोनदा वाचावे. संस्थेने पाठविलेल्या वैद्यास निदान परतण्यासाठी एक खुर्ची असते.

औषधनिर्मात्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या शाखेसाठी माणूस पाठविताना खर्च वाचावा म्हणून त्याला तेथील करारावर घ्यावयाचे, आणि तोंडी मात्र 'परत आलास की जागा आहेच' असे सांगावयाचे, ही पद्धत उभयपक्षी घातक आहे. मूळ पदावरील हक्क, परतीचा काळ आणि वेतन कोणत्या चलनात, हे लेखी असावे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला तर रुपयांत वेतन घेणाऱ्याची तेथील क्रयशक्ती घटते आणि दिरहमात घेणाऱ्याचे घरी पाठविलेले पैसे वाढतात.

जर्मनीची गोष्ट निराळी. तेथे बी.ए.एम.एस. ही पदवी चिकित्सेचा अधिकार देत नाही. तो तेथील मान्यताप्राप्त डॉक्टर किंवा 'हाइलप्राक्टिकर' यांनाच आहे. म्हणून तेथे आपला वैद्य बहुधा पंचकर्म-सहायक किंवा सल्लागार म्हणून राहतो. नेमणूक कोणत्याही मार्गाने झाली तरी करारात पदनाम काय लिहिले आहे, हे प्रथम पाहावे.

मध्यस्थामार्फत जाणाऱ्यांनी त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पडताळावी. नोंदणीकृत मध्यस्थास उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर, याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिसाच्या नावाखाली लाखभर रुपये मागणाऱ्याकडे पारपत्राची प्रतसुद्धा देऊ नये.