बोट हलतंय, म्हणजे बरं आहे?

मार्च-एप्रिलात चांदवडच्या शिवारात उन्हाळ कांद्याची खांडणी जोरात असते. एका हातात पात, दुसऱ्यात विळा, आणि हात असा चालतो की विळा बोटाच्या मुळाशी लागल्याचं रक्त दिसल्यावरच कळतं. मग एकच परीक्षा: बोट हलवून बघ. हललं की हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा वाफ्यात बसायचं. ही परीक्षाच फसवी आहे. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वाकवायला दोन कंडरा असतात. एक मधल्या पेरापर्यंत, दुसरी थेट शेंड्याच्या पेरापर्यंत. दुसरी पार तुटली तरी मधला सांधा वाकतोच, आणि बघणारा म्हणतो, हललं की! खरं तर मधलं पेर सरळ धरून, जोर न लावता, फक्त शेंडा वाकतो का ते बघावं. शेंड्याच्या दोन्ही कडांना वेगवेगळा स्पर्श करावा, कारण दोन्हीकडच्या नसा वेगळ्या. एकच कड बधिर असेल तरी नस कापल्याचा संशय धरावा. मोडलेलं बोटही पुष्कळदा हलतं, त्यामुळे सूज असेल तर एक्स-रे हवाच. ओढून बसवणं नको.

‘एवढ्याशासाठी हजेरी कोण बुडवणार?’ हा आक्षेप पोटाचा आहे, तो हसण्यावारी नेता येत नाही. पण कातडी आपोआप भरते, तुटलेली कंडरा जुळत नाही. तिचं टोक तळव्याकडे सरकतं. पहिल्या काही दिवसांत ती सरळ शिवता येते, महिन्यांनी तेच काम मोठं आणि महाग होतं. हळदीचं म्हणाल, तर डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि जखम किती खोल आहे तेही झाकते. त्यापेक्षा वाहतं स्वच्छ पाणी, वर दाबून धरलेलं धुतलेलं फडकं आणि उंच धरलेला हात. धनुर्वाताचं इंजेक्शनही गंजलेल्या लोखंडापुरतं नसतं. जंतू माती-शेणात असतात, चकचकीत विळ्यालाही तीच माती लागते.

कडबाकुट्टीत बोट तुटलं की ‘नाशिक पासष्ट किलोमीटर, तोवर ते मेलेलं असेल’ म्हणून तुकडा टाकून देतात. बोटात स्नायूंचं मांस नसतं, म्हणून ते हाताच्या वरच्या भागापेक्षा जास्त तग धरतं: तसंच ठेवलं तर साधारण 12 तास, गार ठेवलं तर त्याहून जास्त. मात्र बर्फात थेट घातलं तर पेशी गोठून मरतात. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, कोरड्या पिशवीत बांधून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. चेंगरलेलं प्रत्येक बोट जोडता येत नाही, पण तो निर्णय सर्जनचा. निघण्याआधी त्या हातातली अंगठी, बांगड्या उतरवाव्यात. सूज चढली की त्या कापूनच काढाव्या लागतात.