'चेतावनी' आणि अरण्यप्रदेशातील गीताचा कर्ता

१९७९ साली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. आदिवासी जीवनावर मराठीत तोवर पुष्कळ लिहिले गेले होते. त्या जीवनातून बोलणारा कोण, हा प्रश्न मात्र तेथून ठळक झाला. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाने त्याला कवितेतून उत्तर दिले. पुढे तोच प्रश्न रॅप या अनपेक्षित प्रकारातून पुन्हा समोर आला.

तालाच्या आवर्तनावर जलद, यमकप्रचुर उच्चारण हे रॅपचे मूलद्रव्य होय. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून हिप-हॉप ही चळवळ उदयास आली. 'पब्लिक एनिमी' या समूहाच्या १९८८च्या ध्वनिमुद्रिकेने तिला उघड राजकीय भाष्याची धार दिली. मुंबईच्या 'स्वदेशी' या समूहाचा 'चेतावनी' (२०२०) हा गीतसंच याच परंपरेतला. (शीर्षक हिंदी आहे, मराठीत 'इशारा' म्हटले असते.) एमसी मवाली यांची मराठी आणि २०२२ मध्ये अकाली निधन पावलेले एमसी तोडफोड यांची गुजराती एकाच समूहात नांदते. कोणतीही भाषा दुसरीची दुभाषी होत नाही. याच समूहातील अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर यांची वऱ्हाडीही लक्षणीय ठरते. रंगभूमीने आणि चित्रपटाने जी बोली बहुधा हशासाठी राखून ठेवली, ती येथे संतापासाठी वापरली जाते.

तथापि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते ते या समूहाचे २०१९ मधील 'द वारली रिव्होल्ट' हे गीत. शीर्षकात १९४५च्या वारली उठावाचे स्मरण आहे. विषय आरेच्या जंगलाचा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. १९४५च्या उठावाची कथा मराठी वाचकाला गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथातून कळली. त्या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे, पण निवेदन कार्यकर्तीचे आहे. या गीतात आरेतील वारली कलावंत प्रकाश भोईर स्वतः गातात, आणि रॅपच्या कडव्यांशेजारी त्यांचा आवाज त्यांच्याच नावाने उभा राहतो. श्रेयनामावलीतील ही एक ओळ क्षुल्लक वाटेल. ती क्षुल्लक नाही.

कारण गडचिरोलीच्या रेला गीतांची आपल्या संकलनांतील गत आठवावी. गीत 'लोकगीत' म्हणून छापले जाते. संकलकाचे नाव मुखपृष्ठावर, गाणारीचे बहुधा कोठेच नाही. माडिया वा गोंडी पाठाऐवजी मराठी भावानुवाद येतो आणि नृत्याचा ठेका, समूहाचा प्रतिसाद गळून पडतो. सर्वच गीते एककर्तृक नसतात, हा आक्षेप रास्त आहे. पण सामूहिक कर्तृत्व म्हणजे अनामिकता नव्हे; गावाचे, गाणाऱ्यांचे, प्रसंगाचे नाव देता येते. खाणीविरुद्धच्या सभेत रचलेले गीत 'निसर्गगीत' या सदराखाली गेले, तर त्याचा अर्थच बदलतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००६च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबूच्या कागदावर गावाचे नाव लागले. त्याच परिसरातील गीतांच्या नोंदींत कर्त्याचा रकाना अद्याप बहुधा कोराच असतो.