चिलखत पुरेसे कधी म्हणायचे?

गडचिरोलीत जवान शहीद झाल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : अंगात बुलेटप्रूफ जॅकेट होते का? त्यामागची कळकळ खरी आहे, पण समजूत चुकीची आहे. जॅकेट चढवले की गोळी अडणारच आणि ते जितके जाड तितका माणूस सुरक्षित, असे आपण धरून चालतो. वास्तविक सगळ्या गोळ्या अडवणारे जॅकेटच नसते. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये जॅकेटांसाठी जे मानक ठरवले, त्यात धोक्याच्या सहा पातळ्या आहेत. पिस्तुलाची गोळी नुसत्या विणलेल्या थरांतही अडकते. एके-४७ची पोलादी गाभ्याची गोळी अडवायला छाती-पाठीवर कठीण प्लेट लागते. या जंगलात नक्षलवाद्यांकडे गावठी भरमार बंदुकांपासून पोलिसांकडून लुटलेल्या रायफलींपर्यंत सगळेच आढळले आहे, तेव्हा पातळी न सांगता ‘जॅकेट होते’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. शिवाय प्लेट झाकते ती छाती आणि पाठ. मान, काख, मांडी उघडीच राहते. गोळी अडली तरी तिचा धक्का शरीरात उतरतो. अमेरिकी चाचणीत जॅकेटामागच्या मातीत ४४ मिलिमीटरपर्यंत खळगा पडला तरी ते उत्तीर्ण ठरते, यावरून त्या धक्क्याची कल्पना यावी.

मग सर्वांत वरच्या पातळीचे, सगळे अंग झाकणारे जॅकेट सरसकट का देऊ नये? जिवापुढे चार किलो वजनाचे काय, हा आक्षेप रास्त वाटतो. पण १९९० मध्ये साठ स्थानिक जवानांना घेऊन उभे राहिलेले गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी सी-६० पथक ज्या बळावर टिकले, ते बळ पायांचे आणि जंगलाच्या ओळखीचे आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो; अशा वेळी पाणी, दारूगोळा आणि शिधा पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याच्या अंगावरचा प्रत्येक किलो त्याच्या चपळाईतून वजा होतो, आणि झटकन आडोसा गाठणे हेही संरक्षणच आहे. दमट हवेचा प्रश्न वेगळाच. झायलॉन नावाचा धागा एकेकाळी जॅकेटांसाठी उत्तम मानला जाई. उष्णता आणि ओलाव्याने त्याची ताकद घटते असे दिसल्यावर अमेरिकेने २००५ मध्ये त्याच्या जॅकेटांची मान्यता काढून घेतली. म्हणून कागदावरच्या पातळीइतकेच जॅकेटाचे वयही तपासायला हवे.

मात्र सर्वांत मोठा गैरसमज धोका कुठून येतो याविषयीचा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात चिलखताला आकडा असतो. तो एकाने वाढला की वीस बाजूंच्या फाशावर शत्रूचा वार लागण्याची शक्यता साधारण पाच टक्क्यांनी घटते. मधल्या पातळीवर पोहोचलेले खेळाडू तो आकडा वाढवत राहतात, आणि ड्रॅगनने आग ओकली की तो विचारातच घेतला जात नाही. गडचिरोलीत ती आग म्हणजे भूसुरुंग. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ झालेल्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि चालक ठार झाले. ते खासगी वाहनातून निघाले होते. तिथे जॅकेटाच्या पातळीने काहीच बदलले नसते.

सुरुंगरोधक वाहन हे उत्तर अर्धेच आहे. त्याचा इंग्रजी व्ही आकाराचा तळ स्फोटाचा जोर बाजूला वळवतो, पण ठरावीक वजनाच्या स्फोटकापर्यंतच. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, सुकमा जिल्ह्यातील किस्टारामजवळ १३ मार्च २०१८ रोजी असेच वाहन उडवले गेले आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नऊ जवान गेले. पोलाद वाढवता येते, तशी पुरलेली दारूही वाढवता येते, आणि ती वाढवणे अधिक स्वस्त पडते. याचा अर्थ जॅकेट किंवा वाहन निरुपयोगी आहे असा नाही. गोळीबारात प्लेटच जीव वाचवते आणि ती चांगलीच मिळायला हवी. पण पुढच्या वेळी ‘जॅकेट होते का’ एवढ्यावर न थांबता ते कोणत्या पातळीचे होते, किती वर्षे वापरलेले होते, निघण्यापूर्वी रस्ता कोणी तपासला होता आणि त्या रस्त्याने वाहनातून जाण्याची गरज होती का, हेही विचारले पाहिजे.