रंगांनीं वाचावयाची पोथी

एकच पोथी निरनिराळ्या लेखकांनीं उतरून घेतली म्हणजे तींत पाठभेद शिरतात. प्रती शेजारीं ठेवून ओळीखालीं ओळ जुळविल्याशिवाय कोणतें अक्षर कोठें बदललें तें उमगत नाहीं. जीवशास्त्रज्ञांसहि सजीवांच्या देहांतील अशाच प्रती ताडून पाहाव्या लागतात. तें काम संगणकावर कसें चालतें, हें एका उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मधुमेहावरील इन्शुलिन बहुतेकांस ठाऊक असेल. कांहीं घरीं तर तें रोज टोचून घ्यावें लागतें. हें प्रथिन दोन साखळ्यांचें असून त्यांत २१ व ३० मिळून ५१ अमिनो आम्लें असतात. प्रत्येक आम्लास शास्त्रज्ञांनीं एक रोमन अक्षर नेमून दिलें आहे. मनुष्याच्या लहान साखळीचीं पहिलीं दहा अक्षरें अशीं: जी, आय, व्ही, ई, क्यू, सी, सी, टी, एस, आय. गाईचीं अशीं: जी, आय, व्ही, ई, क्यू, सी, सी, ए, एस, व्ही. आठवें व दहावें अक्षर निराळें आहे. मोठ्या साखळींतील तिसावेंहि निराळें असून डुकराच्या इन्शुलिनांत केवळ तेंच तेवढें बदललेलें असतें. एवढ्या सारखेपणामुळेंच जनावरांचें इन्शुलिन मनुष्यास लागू पडलें. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें लेनर्ड थॉमसन या मरणोन्मुख मुलास गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यांत आला, आणि तो पुढें तेरा वर्षें जगला.

तीन ओळी डोळ्यांनीं ताडतां येतील; शेंकडों प्राण्यांच्या लांबच लांब ओळी कोण ताडणार? तेथें १९८८ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या क्लस्टलसारखीं साधनें ओळी जुळवून देतात व जेथें एखादें अक्षर उणें वाटेल तेथें आडवी रेघ घालून जागा राखतात. मग स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठांत वाढविलेलें जॅलव्ह्यू हें विनामूल्य साधन त्या जुळणीस रंग चढवितें. जेथें अक्षर सर्व ओळींत एकच, तेथें एका रंगाचा उभा पट्टा दिसतो; पाठभेद आला कीं पट्टा तुटतो.

मात्र रंग कोणत्या नियमानें द्यावा, हें पाहणाराच ठरवितो, आणि खरी मेख येथेंच आहे. गुणधर्माप्रमाणें रंग देण्याची एक रीत त्यांत आहे; तींत आय व व्ही हीं दोन्हीं अक्षरें पाण्यापासून दूर राहणाऱ्या आम्लांचीं म्हणून त्यांस एकच रंग मिळतो. त्या रीतीनें आमच्या तीन ओळी रंगविल्या तर आठव्या जागीं पट्टा तुटलेला दिसेल, दहाव्या जागीं मात्र तो अखंड भासेल, आणि गाईचा एक पाठभेद नजरेंतून सुटेल! सारख्या अक्षरांचें प्रमाण पाहून रंगविण्याची दुसरी रीत निवडतांच तो लपलेला व्ही बाहेर येतो. आडव्या रेघेचेंहि तसेंच. ती संगणकाचा अंदाज असते, आणि म्हणूनच जॅलव्ह्यूमध्यें ती हातानें सरकविण्याची सोय ठेविलेली आहे. चौकटीच्या वहींत वरील दोन ओळी लिहून विद्यार्थ्यांनीं दोन्हीं रीतींनीं रंगवून पाहाव्या; दहावें घर काय दाखवितें, तें त्यांचें त्यांसच दिसेल.