लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा (चित्रपट)

लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा हा २००७ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील प्रणयपट आहे. कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांच्या, १९८५ साली स्पॅनिश भाषेत प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दिग्दर्शन माइक न्यूवेल यांचे असून पटकथा रोनाल्ड हारवुड यांनी लिहिली. हाविएर बार्देम, जोव्हान्ना मेझोजोर्नो आणि बेंजामिन ब्रॅट यांच्या प्रमुख भूमिका आहेत. नोबेल पारितोषिक विजेत्या लेखकाची लोकप्रिय कादंबरी, ऑस्कर विजेता पटकथाकार आणि नामवंत कलावंत असूनही या चित्रपटाने समीक्षकांची व प्रेक्षकांची निराशा केली. मूळ कथेपासून तो फारसा दूर गेलेला नाही. किंबहुना घटनाक्रमाच्या बाबतीत तो बराच प्रामाणिक आहे. त्यामुळेच त्याच्या अपयशाची कारणे अभ्यासण्याजोगी ठरतात.

कथानक

कथा कॅरिबियन समुद्राकाठच्या एका जुन्या बंदरात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत घडते. तारघरात काम करणारा फ्लोरेंतिनो आरिसा हा तरुण फेर्मिना दासा या मुलीच्या प्रेमात पडतो. दोघांमध्ये गुप्त पत्रव्यवहार सुरू होतो. खेचरांचा व्यापार करून पैसा मिळवलेल्या फेर्मिनाच्या वडिलांना तो समजताच ते तिला दूरच्या नातेवाइकांकडे घेऊन जातात. परत आल्यावर बाजारात फ्लोरेंतिनो समोर येतो, तेव्हा आपण एका भ्रमावर प्रेम करत होतो असे तिला क्षणात जाणवते आणि ती त्याला नाकारते. पुढे तिचा विवाह डॉक्टर हुवेनाल उर्बिनो यांच्याशी होतो. कॉलरा, म्हणजेच पटकीच्या साथींविरुद्ध झटणारा हा प्रतिष्ठित डॉक्टर म्हातारपणी झाडावरचा पोपट पकडताना पडून मरतो. त्यानंतर ५१ वर्षे ९ महिने ४ दिवस वाट पाहिलेला फ्लोरेंतिनो पुन्हा एकदा आपले प्रेम व्यक्त करतो. मधल्या काळात तो काकांच्या आगबोट कंपनीचा प्रमुख झालेला असतो आणि आपल्या ६२२ प्रेमसंबंधांची वह्यांमध्ये नोंदही ठेवत आलेला असतो.

या कथेच्या पूर्वार्धाला लेखकाच्या आई-वडिलांच्या प्रेमविवाहाचा आधार आहे. त्यांचे वडीलही तारघरात नोकरीला होते.

निर्मिती

मार्केझ आपल्या कादंबऱ्यांचे चित्रपट-हक्क सहजी देत नसत. निर्माते स्कॉट स्टाइनडॉर्फ यांनी या कादंबरीच्या हक्कांसाठी तीन वर्षे पाठपुरावा केला. आपणही फ्लोरेंतिनोसारखेच आहोत, हार मानणार नाही, असे त्यांनी लेखकाला कळवल्याचे सांगितले जाते. चित्रीकरण कोलंबियातील कार्ताहेना शहरात झाले. मूळ कादंबरीतील अनामिक नगराशी या शहराचे साम्य सर्वमान्य आहे. छायाचित्रण अफोन्सो बेआतो यांचे, तर संगीत अंतोनियो पिंटो यांचे आहे. कोलंबियन गायिका शकीरा हिने गायलेल्या ‘देस्पेदिदा’ या गीताला गोल्डन ग्लोब पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. जुनी तटबंदी, सज्जे, नदी आणि आगबोट यांची दृश्ये देखणी आहेत, हे चित्रपटाच्या टीकाकारांनाही अमान्य करता आले नाही.

कादंबरी आणि चित्रपट

कादंबरीचा खरा विषय काळ हा आहे. मार्केझ यांचा निवेदक एका वाक्यात दहा वर्षे पुढे जातो आणि पुढच्याच परिच्छेदात चाळीस वर्षे मागे येतो. म्हातारपण, सवय, दांपत्यजीवनातील क्षुल्लक भांडणे आणि शरीराची झीज या साऱ्यांना तो प्रेमाइतकेच महत्त्व देतो. चित्रपटाला हा काळ अभिनेत्यांच्या चेहऱ्यांवर दाखवावा लागला आणि तिथेच तो अडखळला. तरुण फ्लोरेंतिनोची भूमिका उनाक्स उगाल्दे यांनी केली आहे आणि पुढे ती बार्देम यांच्याकडे जाते. फेर्मिना मात्र किशोरवयापासून सत्तरी ओलांडेपर्यंत मेझोजोर्नो यांनीच साकारली आहे. नायकाचा चेहरा मध्येच बदलतो, नायिकेचा बदलत नाही. वार्धक्याच्या रंगभूषेवर तर विशेष टीका झाली. पन्नास वर्षांच्या प्रतीक्षेचे ओझे वाचकाला पानोपानी जाणवते. प्रेक्षकाला केवळ केस पांढरे झालेले दिसतात.

दुसरी अडचण निवेदकाच्या स्वराची. कादंबरीतील फ्लोरेंतिनो हा आदर्श प्रियकर नाही. तो हास्यास्पद आहे, करुण आहे आणि काही प्रसंगी निर्दयही आहे. प्रेमाची लक्षणे आणि पटकीची लक्षणे सारखीच दिसतात, हा कादंबरीतला विनोदही आहे आणि तिचा गाभाही. स्पॅनिशमध्ये ‘कोलेरा’ या शब्दाला रोग आणि संताप असे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजीत, आणि मराठीतही, हा श्लेष उरत नाही. निवेदक नायकावर प्रेम करतो, पण त्याच्यावर विश्वास टाकत नाही. हा निवेदक काढून घेतल्यावर पडद्यावर उरतात त्या एकामागून एक शय्यादृश्ये, वह्यांतील वाढते आकडे आणि निष्ठेच्या शपथा. त्यातून कुठे हसायचे आणि कुठे हळहळायचे, हेच प्रेक्षकाला उमगत नाही.

आमेरिका विकुन्या या पात्राच्या बाबतीत हा बदल सर्वांत लक्षणीय आहे. कादंबरीत ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी आहे. सत्तरी पार केलेला फ्लोरेंतिनो तिचा पालक असतो, तिच्याशी संबंध ठेवतो आणि फेर्मिनासाठी तिला दूर सारतो. पुढे ती आत्महत्या करते. महान प्रेमकथेच्या नायकाकडे वाचकाने कसे पाहावे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. चित्रपटात ही भूमिका प्रौढ अभिनेत्री मार्सेला मार यांना देण्यात आली. व्यावसायिक चित्रपटाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे कथेतील सर्वांत बोचरा काटा बोथट झाला.

तिसरा प्रश्न भाषेचा. स्पेन, इटली, ब्राझील, कोलंबिया आणि अमेरिका येथील कलावंत स्पॅनिश वळणाच्या इंग्रजीत बोलतात. सर्वांची इंग्रजी वेगळी आणि कोणाचीही स्वाभाविक नाही. येथे एक तुलना उद्बोधक ठरते. हारवुड यांनीच लिहिलेला ‘द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय’ हा चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला. त्याची पटकथाही इंग्रजीत लिहिलेली होती. मात्र दिग्दर्शक ज्युलियन श्नाबेल यांनी तो मूळ पुस्तकाच्या भाषेत, म्हणजे फ्रेंचमध्ये, चित्रित करण्याचा आग्रह धरला. त्या चित्रपटाची वाखाणणी झाली आणि हारवुड यांना रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले.

प्रतिसाद

१६ नोव्हेंबर २००७ रोजी हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेथे त्याने ५० लाख डॉलरही मिळवले नाहीत; जगभरातील उत्पन्न सुमारे ३.१ कोटी डॉलर झाले. निर्मितीखर्च त्याहून बराच अधिक होता. योगायोग असा की त्याच महिन्यात बार्देम यांचा ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ही झळकला आणि त्यातील खलनायकाच्या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले.

मार्केझ यांच्या साहित्यावर याआधीही चित्रपट निघाले होते. फ्रांचेस्को रोझी, रुई गेरा आणि आर्तुरो रिपस्टाइन यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. ‘एकांताची शंभर वर्षे’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या सर्वाधिक गाजलेल्या कादंबरीचे हक्क मात्र त्यांनी हयातभर विकले नाहीत. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर कुटुंबीयांनी ते नेटफ्लिक्सला दिले. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली ती मालिका कोलंबियात आणि स्पॅनिश भाषेतच चित्रित करण्यात आली.